फुकट घेऊन जा

आधी मी किमती लिहिल्या.
फ्रिज चाळीस रियाल, कपाट पंचवीस,
ट्रेडमिल साठ
(हेमांगी दोनदा चढली होती तिच्यावर,
नंतर पंचे वाळायचे).
फोटो काढताना भिंतीवरची ओल टाळली.
चार दिवसांत एकच फोन आला,
'भाई, शेवटचा भाव?'
मग किमती निम्म्या केल्या,
निम्म्याच्या निम्म्या,
सहाव्या दिवशी सगळ्या खोडून
वर एकच शब्द लिहिला.

फुकट म्हटलं की माणसं बिचकतात.
चालू आहे ना नक्की, असं तीनतीनदा विचारतात.
समोरच्या मारिवेलने मिक्सर उलटासुलटा करून नेला
आणि थोड्या वेळाने
ताटलीभर तळलेली सुकी मासळी ठेवून गेली,
उपकार नकोत म्हणून.
दोन गाद्या वॉचमन शफीकुलने डोक्यावर नेल्या.
वादी कबीरला त्यांच्या खोलीत माणसं आठ,
गाद्या चार होत्या, आता सहा.
मी बोटं मोजत होतो तर तोच म्हणाला,
'दोघे रात्रपाळीला असतात.'

नगरपालिकेच्या बाईंनी फोनवर
अरबीत, मग इंग्रजीत, मग चक्क हिंदीत सांगितलं,
मोठं सामान रविवारी आमची गाडी नेईल,
पैसे लागत नाहीत,
फक्त खाली आणून ठेवा.
फक्त!
रुवीतली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला,
लिफ्ट एवढीशी की तीत
मी आणि भाजीची पिशवी एकमेकांची माफी मागतो.

गुल जमीन स्वातचा. पिकअप रस्त्यात आडवी लावून वर आला,
मुलगी बघायला आल्यासारखा खोल्यांतून फिरला,
दारं उघडून आत वाकला, काहीच बोलला नाही.
शेवटी म्हणाला,
'फ्रिज माझा. बाकी सगळं खाली नेऊन देतो. खलास.'
म्हटलं, अहो, फ्रिज चांगला चालतोय.
म्हणाला, 'म्हणून तर.'

पाण्याचे पाच रिकामे कॅन दुकानात परत केले.
अकरा वर्षांपूर्वीची पिवळी पावती सापडली होती,
शाजीने अनामत मोजून दिली, एक बैसा न कापता.
अख्ख्या घरात तेवढंच
आलं त्या भावात गेलं.

तेवढं आणि सोफा.

तो विकतचा नव्हता,
हे हेमांगीलासुद्धा मी उशिरा सांगितलं.
मी नि बाबर्डेकर, रात्री साडेअकराला,
खालच्याच कचराकुंडीजवळून,
एक टोक त्याने धरलं, एक मी.
मध्येच एका गाडीचे दिवे अंगावर आले
तेव्हा भर रस्त्यात सोफा टेकवून
त्याच्यावर बसून राहिलो दोघे,
कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे.
पुढे सहा खोळी शिवल्या तिने त्याला.
ओवी त्याच्याच हाताला धरून उभी राहिली.
आबांची शेवटची आंघोळ मोबाइलवर बघितली
ती डाव्या टोकाला बसून,
तिथे रेंज बरी यायची.

शनिवारी संध्याकाळी गुल जमीनने तो खाली नेला,
कुंडीपासून दोन हात लांब ठेवला.
'चिकटून ठेवला तर कचरा,' म्हणाला,
'लांब ठेवला तर सामान.'

रिकाम्या घरात झोप कुठली.
गॅलरीतून बघत होतो.
आधी एक मांजर येऊन गेलं.
मग बाराच्या सुमारास एक पोरगा,
घडी न मोडलेला नवा युनिफॉर्म,
बसला,
उठला, दोन्हीकडे पाहिलं, परत बसला.
फोन करून कोणाला तरी बोलावत होता.
कोणी आलं नाही.

मी चपला घातल्या.

एक टोक मी धरलं.
डावीकडे जरा दबतो, जपून, असं
ओठांवर आलेलं गिळलं.
मशिदीमागच्या गल्लीत दम लागला,
तिथेच खाली ठेवून दोघे टेकलो.
खोळीवरून हात फिरवत त्याने विचारलं,
'कोणाचा असेल हो? इतका चांगला?'

म्हटलं, 'गेला असेल कोणीतरी.'